काकांना सांग

जेवायला बसलं की काकू माझ्याकडे बघून म्हणायच्या, "काकांना सांग, मीठ इकडे सरकवा." काका काकूंच्या अगदी शेजारी बसलेले, मीठदाणी त्यांच्या कोपराला लागलेली. मी काकांकडे वळून म्हणायचे, "काका, मीठ." काका मीठदाणी माझ्याकडे सरकवायचे आणि मी ती काकूंकडे. टेबल एवढंसं, की तिघांचे गुडघे एकमेकांना लागायचे. तरी मीठ माझ्यामार्फतच जायचं.

सुरुवातीला मला वाटलं, हे सगळं माझ्यासाठीच चाललंय. मी परदेशात शिकायला आलेली, आणि कॉलेजनेच मला या जोडप्याच्या घरी ठेवलेलं. घरात राहिलं की भाषेचा सराव आपोआप होतो, असं तिथल्या बाईंनी मला समजावलं होतं. इथे तर माणसं इतकी चांगली, की मला बोलायला मिळावं म्हणून स्वतः तोंड मिटून बसत होती! मी आईला फोनवर कौतुकाने हे सांगितलं. आई गहिवरली. "बाई गं, परक्याच्या मुलीसाठी एवढं कोण करतं?" मग लगेच, "आणि हे बघ, बाबांना जरा सांग, चष्मा बदलून घ्या म्हणावं. पेपर नाकाला लावून वाचतात. तुझंच ऐकतात ते." मी बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "आईला सांग, डोळे ठणठणीत आहेत. पेपरची छपाईच वाईट आहे." मी तेही पोचवलं.

'काका-काकू' ही माझीच देणगी. पहिल्या दिवशी दोघांनी मला नावाने हाक मारायला सांगितलं होतं. आईबापाच्या वयाच्या माणसांना नावाने हाक मारायची म्हणजे माझी जीभ टाळूलाच चिकटली. आपल्याला नातं लावल्याशिवाय कोणाच्या घरात पाणीसुद्धा गोड लागत नाही. मी म्हटलं, आमच्याकडे काका आणि काकू म्हणतात. दोघांनी ते शब्द एकेकदा म्हणून पाहिले आणि ठेवून घेतले. मग काकांनी लगेच मला सांगितलं, "काकूला विचार, गादीवर जाड पांघरूण घातलंय का."

काका लिफ्ट दुरुस्त करायचे. आमच्या इमारतीला मात्र लिफ्ट नव्हती, हा विनोद ते प्रत्येक पाहुण्याला ऐकवत, म्हणजे मला. काकूंचं खाली रस्त्याला लागून कपडे लहान-मोठे करून देण्याचं दुकान होतं. त्यांच्या स्वेटरला कायम दोन-तीन टाचण्या टोचलेल्या असायच्या. दोघंही स्वभावाने गरीब. कोणी कोणावर आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. चढवायला आधी आवाज काढावा लागतो, हे नंतर माझ्या डोक्यात शिरलं.

एकदा ताप आला म्हणून मी दुपारीच घरी आले. काका जेवायला आलेले होते. मी पॅसेजमध्ये बूट काढत होते आणि स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. काकूंनी टेबलावर बोटाने टकटक केलं. काकांनी पावाचं ताट पुढे केलं. थोड्या वेळाने काकांनी रिकामा जग उचलून दाखवला, काकू उठल्या आणि भरून घेऊन आल्या. इतकं सवयीचं चाललं होतं, की माझ्या अंगावर शहारा आला. ताप होताच, पण हा शहारा तापाचा नव्हता. मला खोकला आला तशी दोघांनी एकदम मान वळवली आणि दोघांचे चेहरे खुलले.

"बरं झालं आलीस!" काकू म्हणाल्या. "काकांना सांग, नळाचा वायसर गेलाय, सकाळपासून गळतंय."

"काकूला सांग, वायसर कालच आणलाय, खणात आहे."

मग काकूंनी माझ्या कपाळाला हात लावला, चटका बसल्यासारखा मागे घेतला आणि मला बिछान्यात घातलं. सूप आणलं, उशी बदलली. जीव लावत होत्या, खोटं कशाला सांगू? पण आधी वायसर, मग ताप.

नंतर एकदा मी काकूंना विचारलंच. दुकानात त्या पँटची शिवण उसवत होत्या. "भांडण झालं होतं का हो तुमचं?"

"भांडण असतं तर मिटलं असतं," त्या म्हणाल्या. "एक दिवस बोलायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी कुठून सुरुवात करायची ते कळेना. मग ही खोली मोकळी होती, म्हटलं कोणी शिकणारी मुलगी ठेवावी. ती आली आणि सोपं झालं."

म्हणजे मुली येत गेल्या, शिकून जात गेल्या, आणि घर चालत राहिलं. मी भाषा शिकायला आले नव्हते, कामाला लागले होते. आणि हे काम मला जड जाऊ लागलं होतं.

माझं शिक्षण दातांच्या कवळ्या आणि कॅप बनवण्याचं. दिवसभर प्लास्टरच्या साच्यांवर वाकून मेणाचे दात कोरायचे. दाढ कोरणं सगळ्यात अवघड, तिच्या माथ्यावरच्या खाचा जराही चुकल्या की वरचा-खालचा दात एकमेकांवर बसत नाही. पहिल्या परीक्षेत मी दाढेतच नापास झाले. परीक्षकांनी ती दोन बोटांत धरून विचारलं, ही दाढ आहे की वापरलेली साबणाची वडी? सगळा वर्ग हसला, मीही हसले, आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. पुन्हा नापास झाले तर जागा जाणार होती, गाशा गुंडाळून घरी परतायचं. संध्याकाळी घरी बसून सराव करायचा, एवढाच उपाय होता. पण संध्याकाळी घरी दोघंजण दिवसभराचं बोलणं साठवून माझी वाट बघत असायची.

मी खोलीत कोरणी हातात घेतली की दार वाजायचं. "काकांना सांग, उद्या माझ्या बहिणीकडे जायचंय." मी बाहेर. परत येऊन मेण तापवते तोच, "काकूला विचार, किती वाजता, आणि मी आलंच पाहिजे का?" हे असं विचारायचं नसतं. मी काकूंना जाऊन सांगायचे, "काका विचारतात, त्यांनी कुठला शर्ट घालायचा." काकूंना बरं वाटायचं. काकू म्हणायच्या, "त्यांच्या घोरण्याने भिंतीचे पोपडे पडतील म्हणावं." मी काकांना म्हणायचे, "काकूंना काळजी वाटतेय, तुम्हाला सर्दी झालीय का." काका त्यावर खरंच दोन दिवस गरम पाणी प्यायले. असं सगळं गाळून, निवडून पोचवता पोचवता मेण थिजून जायचं आणि माझ्यातही काही उरायचं नाही. रविवारी आईचा फोन, तोही अर्धा बाबांसाठी.

अशात हॉस्टेलमध्ये एक खोली रिकामी झाली. कॉलेजने कळवलं, हवी असेल तर शुक्रवारपर्यंत सांगा. छोटी खोली, खिडकीतून समोरची भिंत दिसते आणि बोलायला कोणी नाही. मला ती राजवाड्यासारखी वाटली. मी हो म्हणून टाकलं.

काकूंना सांगितलं तेव्हा त्या सुईत दोरा ओवत होत्या. त्यांनी दोरा ओवून गाठ मारली. मग म्हणाल्या, "बरं. काकांना सांग."

काका कपड्याने हाताचं ग्रीस पुसत होते. "काकूला कळलं?"

"हो."

"काय म्हणाली?"

"तुम्हाला सांग म्हणाल्या."

काका हसले, पण तेवढ्यापुरतेच. "आता दुसरी कोणी येणार का, विचार तिला."

मी परत काकूंकडे. "नाही म्हणावं," काकू म्हणाल्या. "नवीन माणसाला पहिल्यापासून शिकवायचं आता जिवावर येतं. बास झालं."

मी हे काकांना सांगितलं. ते हातांकडे बघत म्हणाले, "मग?"

तो प्रश्न मी काकूंपर्यंत नेला नाही. नेऊन उत्तर काय आणणार होते? मला रागच आला. दोन धडधाकट माणसं, तोंडात जीभ असलेली, आणि त्यांचा संसार माझ्या गळ्यात! राहिले तर दाढ गेली, गेले तर ही दोघं त्या टेबलावर टकटक करत म्हातारी होणार.

निघायच्या आदल्या संध्याकाळी काकू मला सामान भरू लागल्या. माझ्या प्रत्येक ब्लाउजची बटणं त्या ओढून बघत होत्या. मधेच म्हणाल्या, "आधीच्या मुली ऐकलेलं जसंच्या तसं सांगायच्या. दोघीतिघींनी तर भांडणंच लावली असती. तू तसं करत नाहीस. कडू असेल ते तू बरोबर काढून टाकतेस. मला कळतं ते. कुठे शिकलीस?"

"घरी," मी पटकन म्हणाले.

म्हटल्यावर मी तशीच हातात मोजे धरून उभी राहिले. घरी. आमच्या घरी दोन खोल्या, आणि मधल्या दारात मी. 'बाबांना सांग, जेवण वाढलंय.' 'आईला सांग, थोड्या वेळाने.' मला बोलता यायला लागल्यापासून हेच. आमच्याकडे सगळे म्हणायचे, मुलगी किती गोड बोलते. आई-बाबांना एकमेकांशी बोलताना कधी ऐकलंय, ते मी आठवत राहिले. माझ्याशी दोघंही भरभरून बोलत, त्यामुळे ते घर मुकं आहे असं माझ्या कधी ध्यानातच आलं नाही.

सकाळी टॅक्सी खाली आली. मोठी बॅग मी घेतली. मेणाचे दात आणि साचे ठेवलेली पेटी काकांनी उचलली आणि ते पुढे जिना उतरू लागले. काकू दारात उभ्या. काकांनी पेटी काखेत मारली तशी ती तिरकी झाली. आत खडखडलं. काकूंनी माझ्याकडे बघितलं. मला माहीत होतं आता काय येणार, माझे ओठ हललेसुद्धा. पण माझ्या दोन्ही हातांत ओझं होतं, पाठीवर पिशवी होती, आणि खरं सांगायचं तर मला आता एक शब्दही उचलवत नव्हता. मी मान खाली घातली.

पेटी आणखी तिरकी झाली.

"काका!" काकू ओरडल्या. "सरळ धरा ती! दात आहेत आत!"

काका जिन्यावर थबकले. नवऱ्याला हाक मारायला काकूंकडे इतक्या वर्षांत दुसरं नाव उरलंच नव्हतं बहुतेक, त्यांनी मी दिलेलंच वापरलं. काकांनी मान वर करून बघितलं. पेटी दोन्ही हातांत सरळ धरली.

"धरली," ते म्हणाले. जरा थांबून, "काकू."

मी भिंतीला टेकून दोघांच्या मधून बाजूला झाले. अशी वेळ आयुष्यात पहिल्यांदाच आली होती, आणि मला नुसतं मटकन खाली बसावंसं वाटत होतं.

हॉस्टेलच्या खोलीत सामान टाकलं आणि आईला फोन लावला. जिना, पेटी, हाक, सगळं रंगवून सांगितलं. आई खळखळून हसली. हसता हसता तिचा आवाज उतरला.

"चांगलं झालं बाई," ती म्हणाली. "तिला हाक मारणारं कोणी तरी झालं. तू गेल्यापासून मला या घरात कोणी हाक मारलेली नाही. नुसतं 'अगं'सुद्धा नाही." मग आवाज सावरून लगेच, "बरं, ही पेटीची गोष्ट बाबांना सांग. हसतील ते. थांब, देते त्यांच्याकडे."

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला. उठायलासुद्धा लागलं नाही तिला, इतके ते जवळ बसलेले होते.

"हं, बोल," बाबा म्हणाले. "काय म्हणत होती आई?"

उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. काही नाही बाबा, तुमच्या तब्येतीला जपा म्हणते. अशी वाक्यं मी झोपेतही बनवू शकते. पण मी दमले होते. गाळायलाही अंगात थोडी ताकद लागते, ती नव्हती.

"ती म्हणते, मी गेल्यापासून तिला घरात कोणी हाक मारलेली नाही. नुसतं 'अगं'सुद्धा नाही."

बाबांनी घसा खाकरला.

"तिला सांग..." ते म्हणाले, आणि थांबले.

मी काही विचारलं नाही. फोन कानाशी धरून बसून राहिले.