आधी मोजा, मग देव

मी एक जुना मोजा आहे. कातडीच्या रंगाचा, गुडघ्यापर्यंतचा, डाव्या पायाचा. जुना म्हणजे पाचेक महिन्यांचा. पण मित्रांनो, तेवढ्यात मी जे भोगलंय ते तुमच्या शाळेच्या मोज्यांनी सात जन्मांत भोगलं नसेल!

माझं काम साधं आहे. काही माणसांच्या पायांतल्या शिरा थकतात. रक्त वर चढायचं सोडून खालीच साठतं, पाय सुजतात, शिरा दोरीसारख्या फुगतात. मी घोट्याशी घट्ट आणि वर थोडा सैल असा पाय आवळून धरतो आणि रक्ताला म्हणतो, चल, वर हो!

माझ्या मालकीणबाई म्हणजे निजामपुऱ्यातल्या नीरजाबाई. शाळेत गणित शिकवतात, तेही दिवसभर उभ्या राहून, कारण त्या बसल्या की शेवटचा बाक झोपतो. त्यांचा घोटा काळा पडला होता. डॉक्टर म्हणाले, "आता जपलं नाही तर इथे जखम होईल. ती लवकर भरत नाही."

यावर बाईंनी काय विचारावं? "पण नवरात्रात गरबा खेळू ना?"

"सूज उतरली तर."

अलकापुरीतल्या दुकानदारकाकांनी टेपने घोटा, पोटरी मोजली आणि मला हातात देत गुजरातीत बजावलं, "बेन, सवारमां ज पहेरजो, हों!" आणि मग मराठीतही सांगितलं, "सकाळीच. पाय सुजायच्या आधी."

दोन भाषांत सांगितलं. ऐकलं? छे!

सकाळी आंघोळ, मग देवपूजा, मग पोळ्या, भाजी, डबे. सगळं उभ्याने! पाय चांगले टम्म सुजले की शाळेला निघताना बाईंना माझी आठवण. "शिरत नाही गं हा मेला!" मेला कोण? तर मी! वर्गात उकडलं की माझा वरचा काठ खाली दुमडायचा. म्हणजे गुडघ्याखाली फास, रक्त तिथेच अडकलेलं. आणि लेक मोहना तर थोरच. तिने मला कढत पाण्यात धुतलं आणि जूनच्या उन्हात गच्चीवर टाकलं. अगं, मी मोजा आहे, पापड नाही!

व्हायचं तेच झालं. नवरात्र तोंडावर आलं आणि डॉक्टरांनी घोट्यावर अंगठा दाबला, तर खळगा तसाच राहिला. म्हणजे सूज कायम! "यंदा गरबा खुर्चीवर बसून बघा."

बाई घरी येऊन खुर्चीत बसल्या. मोहनाने विचारलं, "आई, तू मोजे घालतेस तरी कधी?"

"सगळं आवरल्यावर."

"एवढ्या उशिरा?"

"मग काय, मोजे घालून देवासमोर उभी राहू?"

सासरे श्रीपतराव पेपरमागून म्हणाले, "नीरजा, देवाला हात जोडतेस की पाय दाखवतेस? मोजे रोज धुतेस ना?"

"हो, बाबा."

"मग सोवळ्यातच आहेत ते. घाल!"

एवढं सोपं होतं! आणि मी पाच महिने शिव्या खात होतो!

दुसऱ्या दिवसापासून बाई आंघोळीनंतर उशांवर पाय ठेवून थोडा वेळ पडू लागल्या. मग मी, मग देव. मी सरसर वर चढलो. देव काही बोलले नाहीत. सूज हळूहळू उतरली आणि डॉक्टर हसून म्हणाले, "खेळा. पण मोजे घालून, आणि थोडाच वेळ."

अष्टमीला बाई गरब्याच्या गोलात उतरल्या. चणियाच्या, म्हणजे घेरदार घागऱ्याच्या, खाली मी होतो. कौतुक कुणाचं झालं? चणियावरच्या आरशांच्या आभल्यांचं! असो. घरी आल्यावर बाईंनी घोटा दाबून पाहिला. खळगा पडला नाही. मग त्यांनी मला गार पाण्यात धुतलं, न पिळता सावलीत पसरलं आणि हळूच म्हणाल्या, "दमलास ना रे?"

मेला नाही म्हणाल्या!

माझी वीण आता सैल पडत चालली आहे, लवकरच नवी जोडी येईल. पण मित्रांनो, तुमच्याही घरी डॉक्टरांनी सांगितलेला माझा एखादा भाऊ कपाटात डब्यासकट पडून असेल. त्याला बाहेर काढा. आणि आई "नंतर घालते" म्हणाली, तर घातल्याशिवाय तिला चहा देऊ नका!