पहिल्या मॅपचा कौल

"शू! बोलू नकोस," असं म्हणून ह्यांनी फोन कानाला लावला आणि डोळे मिटले. मी काही बोललेच नव्हते. पण लेकीच्या मॅचआधी आमच्या घरात भांड्यांनीसुद्धा गप्प बसायचं असतं.

लेक व्हिडिओ गेम खेळते. हौस म्हणून नव्हे, नोकरी म्हणून. पाच जणांचा संघ, समोर पाच, आणि एका मॅचला तीन मॅप, म्हणजे तीन वेगवेगळी मैदानं. दोन जिंकले की मॅच खिशात. सुरुवातीला ह्यांना ते मुळीच पटलं नव्हतं. "बटणं बडवायला नोकरीवर कोण ठेवतं?" म्हणायचे. मी म्हटलं, "तुम्ही जन्मभर बटणांचंच खाल्लंत की!"

हे टाइपरायटर दुरुस्त करायचे. चौतीस वर्षं. कचेरीत चाळीस मशिनं एकदम खडखडायची आणि हे दारातूनच सांगायचे, "तिसऱ्या रांगेतल्या बाईंची करंगळी दुखतेय." बाई चाट पडायच्या. शाळा सुटली की लेक ह्यांच्या बाकाखाली बसून अभ्यास करायची, आपला नावाला. सगळं लक्ष त्या आवाजाकडे. तिच्या दप्तराला मशीनच्या तेलाचा वास यायचा. फार सुखाचे दिवस होते ते, तेव्हा कळलं नाही.

पुढं ती खेळायला परगावी गेली. एकदा फोनवर बोलताना मागे तिची बोटं चालूच होती. हे म्हणाले, "डावा हात घाबरलाय तुझा. पहिला मॅप जाणार." गेला! तेव्हापासून रीतच पडली. मॅचआधी ती फोन कीबोर्डजवळ ठेवते, मिनिटभर बोटं चालवते आणि हे कौल देतात. तोही फक्त पहिल्या मॅपचा. "एकदा बोटं तापली की सगळ्यांची सारखीच वाजतात," असं ह्यांचं म्हणणं. आजवर एकदाही चुकले नव्हते.

आजची तिची शेवटची मॅच. मनगट साथ देईना, म्हणून ती खेळ सोडणार होती. आणि इकडे ह्यांचे कान. दाराची बेल वाजते, हे खुशाल पेपर वाचत बसतात. विषय काढला की चिडतात. म्हणून मी फोन गुपचूप स्पीकरवर टाकला होता, आवाज पूर्ण वाढवून.

"बाबा, थांबा हं जरा," लेक म्हणाली, "मनगटाला पट्टा बांधते, मग सुरू करते."

ह्यांनी मान डोलावली. मिटल्या डोळ्यांनी मन लावून ऐकलं आणि खुशीत म्हणाले, "वा! दोन्ही हात मजेत आहेत. पहिला मॅप आपलाच!"

फोनमधून अजून एकही टकटक आलेली नव्हती. आता ही काय बोलते?

मग ती मोठ्यानं म्हणाली, "नक्की ना, बाबा?"

"अगदी नक्की."

"मग ठरलं."

आम्ही टीव्हीसमोर बसलो. पहिल्या मॅपला बारा-बारा फेऱ्यांची बरोबरी झाली. शेवटच्या फेरीत ती एकटी उरली, समोर दोघं. मला बघवेना. हे मात्र निवांत. कौल दिलेला होता ना! तिनं दोघांनाही टिपलं, आणि लगेच मनगट दुसऱ्या हातात घट्ट धरलं.

पुढचे दोन्ही मॅप हरले. मॅच गेली.

"माझा कौल पहिल्याचा होता," हे म्हणाले.

तिचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात गेले. "आई, बाबांना सांगू नकोस."

"काय सांगायचंय? मला तरी कुठं काय ऐकू आलं?" मी म्हटलं. ती हसली आणि मग रडली. मीही.

बाहेर आले तर ह्यांनी फळीवरचं जुनं मशीन खाली काढलं होतं. कान अगदी जवळ नेऊन एकच बटण दाबत होते. एकदा. मग जरा जोरात.

माझ्याकडे न बघता म्हणाले, "वाजतंय ना गं अजून?"

"खणखणीत," मी म्हटलं आणि त्यांच्या शेजारी बसले.