कर्ण्याच्या तोंडातलं नाव

त्या दिवशी सकाळपासून वारं पडलेलं होतं. चैत्र सरत आला होता. मावळतीकडून ढग वर यायचे, आमच्या माळावर घटकाभर सावली धरायचे आणि वडूजच्या अंगाला निघून जायचे. थेंब म्हणून पडत नव्हता. घरावरचा पत्रा असा तापला होता की चिमणी बसली तरी एक एक पाय उचलून धरायची. त्या पत्र्यावर हरिबा चढला होता. एका हातात तार न् पक्कड, दुसऱ्या हातात मी.

मी कर्णा. देवळाच्या शिखराला नाहीतर लग्नाच्या मांडवाला बांधलेला असतो ना, तोच. शाळा मला नाही. लोकांनी माझ्यात जे बोलावं ते मोठ्यानं बोलायचं, एवढीच माझी विद्या. म्हणून सांगताना मागंपुढं झालं तर सांभाळून घ्या. आज मी पहिल्यांदाच माझं स्वतःचं बोलतोय, आणि तेही मान खाली घालून.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते सांगलीतलं दुकान. तिथं काचेमागं मी गपगार बसलेला असायचो. एका ऑगस्टात, क्रांतिदिनाच्या दुसऱ्या दिवशी, धोतराचा सोगा खांद्यावर टाकलेला एक माणूस आला आणि म्हणाला, "लांबवर जाईल असा कर्णा द्या." तो हरिबा फडतरे. त्याची बायको विजयमाला बाळंतपणाला कुपवाडला भावाकडं आली होती. मुलगी झाली होती. क्रांतिदिनाला झाली म्हणून क्रांती. हरिबानं लेकीचं तोंड पाहिलं, तसाच दुकानात आला आणि मला मांडीवर घेऊन एस्टीनं शेरेमाळला निघाला. वाटेत एका म्हातारीनं विचारलं, "घागर का रं?" हा म्हणाला, "न्हाई मावशे. पोरगी झालीया, तिच्या नावानं धंदा घालतुया."

घरी आल्यावर त्यानं माझ्या रुंद तोंडात आतल्या बाजूनं लाल रंगानं नाव काढलं. क्रांती साऊंड, शेरेमाळ.

आम्ही मग अख्खं खटाव पालथं घातलं. लग्नं, बारशी, कुस्तीची मैदानं. हरिबा मांडव घालायचा आणि पुकाराही तोच करायचा. त्याची एक रीत होती. मंचावर कुणाला बोलवायचं तर नुसतं नाव घ्यायचं नाही. बापाचं नाव आणि गावाचं नावही घ्यायचं. लांबून आलेला फाटका पैलवान असला तरी हरिबा आधी जाऊन त्याला विचारायचा, "वडलांचं नाव काय, गड्या? गाव कंचं?" मग माझ्यातनं ते नाव असं निघायचं की पैलवानाची छाती कुस्तीआधीच फुगायची. हरिबा म्हणायचा, "माणूस एकटा नसतुया. त्याच्या मागं त्याचा बाप उभा असतुया."

क्रांती चालायला लागली तशी आमच्या मागं यायची. हरिबा मला घेऊन झाडावर चढायचा, बांधायचा, आणि ती खाली माईकपाशी बसून गाणं म्हणायची. माझं तोंड बरोबर लोकांकडं झालंय का, ते तिनं सांगायचं.

"गावाकडं आलं का गं?" वरून हरिबा.

"अजून, आबा. अजून जरा फिरवा!"

आवाज वाड्यावस्त्यांवर नीट पोचायला लागला की ती हात हलवायची. तिचा आवाज बायकी किनरा नव्हता. खालचा, रुंद, ज्वारीच्या कणसासारखा भरलेला. तसला आवाज अंगातून जाताना माझा पत्रा गरम व्हायचा. बाकी कुणाच्या आवाजानं मला तसं झालेलं नाही.

बारावी झाल्यावर ती मामाकडं कुपवाडला राहून सांगलीत कॉलेजला गेली. तिथं तिला तिघीजणी भेटल्या. प्रांजल, भाग्यश्री आणि प्रियदर्शनी. मामाच्या ओळखीनं एका वर्कशॉपचा माळा मिळाला. खालची यंत्रं बंद झाली की या चौघी वर नाचायच्या, गायच्या. प्रियदर्शनी जैनांची, दिवस मावळल्यावर तोंडात काही घालायची नाही. ती एकटी जेवते कशी म्हणून बाकीच्याही पाच वाजताच डबा उघडायच्या, आणि रात्री भुकेनं कळवळायच्या. सुट्टीला आली की क्रांती हे आईला हसत हसत सांगायची. मी खुंटीवर ऐकायचो.

चौघींनी गटाला नाव ठेवलं 'लवंगी'. पुण्याच्या एका कंपनीनं त्यांना उचललं. तिथल्या साहेबानं पहिल्याच दिवशी सांगितलं, आडनावं काढा, बापाची नावं काढा, नाव तोकडं असलं की लोकांच्या जिभेवर बसतं. तशी ती नुसती क्रांती झाली. गाण्यात तिचा सूर खालचा. ती ओळीत कडेला उभी राहायची. लोकांचं लक्ष मधल्या दोघींकडं. पण तिचा सूर काढून घेतला तर बाकीचं गाणं खांब नसलेल्या मांडवासारखं बसेल, हे मला कळत होतं. विजयमाला चुलीपुढं फोन घेऊन बसायची आणि आवाज बारीक करून तेच तेच गाणं लावायची.

गाणं तालुकाभर झालं. पोरी नाचत होत्या, आणि कपडे शहरातल्या पोरी घालतात तसे होते. एवढंच.

पण चहाच्या टपरीवर हंबीरराव बसलेला असायचा. यात्रा कमिटीचा अध्यक्ष. मी समोरच्या लिंबावर बांधलेला होतो. सगळ्यांदेखत तो म्हणाला, "हरिबा, मांडवाचं कापड शिल्लक असंल तर पोरीला पारसल कर की रं! लय थंडी वाजत असंल तिला."

टपरी हसली. हरिबाही हसला. तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो हसला, आणि मला लिंबावरून सोडून घरी आणल्यावर काळ्या रंगाचा डबा उघडला.

विजयमाला म्हणाली, "आवं, कशाला फासताय? गंज चढलाय का काय?"

"व्हय. गंजच चढलाय."

मी ॲल्युमिनियमचा. मला गंज चढत नाही, हे हरिबापेक्षा जास्त कुणाला ठाऊक? तोंड काळं झालेला मी परत खुंटीवर गेलो. त्यानंतर लोक "कुणाचा कर्णा?" म्हणून विचारायचे, तर हरिबा म्हणायचा, "हाय आपला जुना."

वर्ष गेलं. लवंगीचं नाव आणखी वाढलं, आणि मग त्याच हंबीररावाला यात्रेत लवंगीच पाहिजे झाली. "हरिबा, तुझी पोरगी गावाचं नाव काढतीया, गड्या," म्हणायला तो लाजला नाही. सुपारी फुटली. चौघी आल्या. विजयमालानं चार वाजताच पुरणपोळ्या वाढल्या, प्रियदर्शनीसाठी. पोरींचे ट्रकभर मोठे स्पीकरचे खोके आले होते. माझं काम नुसत्या पुकाऱ्याचं.

मंचाच्या मागं क्रांती हरिबापाशी आली. म्हणाली, "आबा, इतकं कार्यक्रम झालं, पर मला कुठं कुणी पुरं नाव घिऊन बोलवल्यालं न्हाई. आज तुमी घ्या. तुमच्या रीतीनं."

हरिबानं मान हलवली. बाकीच्या तिघींना त्यानं विचारून घेतलं, बापाचं नाव काय, गाव कंचं. मग माईक हातात धरला. समोर माणूस मावत नव्हता. पहिल्या रांगेत हंबीरराव आणि टपरीवरची सगळी मंडळी बसलेली.

पहिलीला बोलावलं, बापाच्या नावानं, सांगलीच्या नावानं. दुसरीला बोलावलं, मिरजेच्या नावानं. तिसरीलाही तसंच. टाळ्या पडत होत्या. मग हरिबानं पहिल्या रांगेकडं बघितलं. त्याचा श्वास माझ्यात अडकला, मला कळला. आणि तो म्हणाला,

"आणि... चौथी."

बस. बाप नाही, गाव नाही, नाव नाही.

कर्ण्याला गिळता येत नाही हो. मी ते गावभर सांगितलं. मळ्यातल्या वस्त्यांवर सांगितलं, गोठ्यात धार काढणाऱ्या बायांना सांगितलं. चौथी. पहिल्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "आरं, बाप पोरीचं नाव इसरला!" आणि हशा पिकला. कुणाचं मरण, कुणाच्या शिव्या, सगळं माझ्या तोंडून गेलंय. त्याची लाज मला वाटली नाही, ते माझं कामच. या एका शब्दाची वाटली. अजून वाटते.

क्रांती मंचावर आली. ओळीत कडेला उभी राहिली. तिचा खालचा सूर तसूभर हलला नाही. मला वाटत होतं हलावा.

कार्यक्रम झाल्यावर ती बापापुढं उभी राहिली. "नाव इसरला व्हय, आबा?"

"गडबडीत ऱ्हायलं गं."

"तुमी पैलवानाच्या बापाचं नाव कवा गडबडीत इसरला न्हाई," ती म्हणाली. रागानं नाही. आईच्या पाया पडली आणि गाडीत बसली.

मोठ्या खोक्यांपुढं माझं कामही मग सुटलं. हरिबानं मला घरामागच्या परड्यात टाकलं. कोंबड्यांना माझ्यात दाणे घालायचे. एक तलंग तर माझ्यातच अंडी घालायला बसायची. मी काही तक्रार केली नाही. ज्या तोंडातून तो शब्द गेला, त्यात कोंबडी बसली हे ठीकच झालं, असं वाटायचं.

लवंगीही फुटली. भांडण नाही, तंटा नाही. प्रियदर्शनीचं लग्न झालं, प्रांजल एकटी गायला लागली, कंपनीला नवे चेहरे हवे झाले. क्रांती सांगलीला परतली. लहान पोरांना गाणं शिकवते, दुसऱ्यांच्या गाण्यांत मागं गाते. कुठल्याशा घंटागाडीसाठीही तिनं गाणं म्हटलं, ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा. गाडीवर म्हणे माझ्यासारखाच एक धाकटा कर्णा असतो. त्याचा मला हेवा वाटला.

मग हरिबाचा घसा धरला. सगळे म्हणाले पुकारा करून करून बसला असेल. तंबाखूचं कुणी बोललं नाही. मिरजेच्या दवाखान्यात घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला.

पुढचं मी पाहिलेलं नाही. शेजारची धोंडुबाई विचारपूस करायला आली, तेव्हा विजयमाला परड्यात बसून सांगत होती आणि मी पायाशी पडून ऐकत होतो.

सकाळी दवाखान्याखालून घंटागाडी जायची. क्रांतीचा आवाज खिडकीतून आत यायचा. शेजारच्या खाटेवरचा माणूस म्हणाला, "कोण बाई म्हणतीया, पावणं? काय आवाज हाय!" हरिबा उठून बसला. खिडकीकडं बोट केलं आणि आपल्या छातीवर हात आपटायला लागला. माझी, माझी. त्या माणसाला वाटलं, ह्याच्या छातीत कळ आली. तो ओरडला, नर्सबाई धावत आल्या, मशीन आणलं. हरिबा मान हलवतोय, छाती बडवतोय, खिडकी दाखवतोय. कुणालाच कळेना. गाडी लांब गेली, आणि मग तो रडायला लागला.

"तेवढ्यात पोरगी डबा घिऊन आली," विजयमाला सांगत होती. "नर्स म्हणाली, तुमी पेशंटच्या कोण? तर ही दारातच उभी राहून काय म्हणली ठावं हाय? कुमारी क्रांती हरिबा फडतरे, मुक्काम पोस्ट शेरेमाळ, तालुका खटाव, जिल्हा सातारा. ह्यांच्याच सुरात म्हणली बगा. वाटंनं जाणारी माणसं उभी राहिली. आन् ह्यांनी टावेल तोंडावर वढून घेतला. सांजच्यापातूर काढला न्हाई."

घरी आल्यावर चार दिवस हरिबा नुसता बसून होता. पाचव्या दिवशी परड्यात आला. तलंगीला हुसकलं, मला उचललं, धुतलं. रॉकेलचा बोळा घेऊन काळा रंग पुसायला लागला. निघेना, तेव्हा नखांनी खरवडलं. हळूहळू आतलं लाल वर आलं. फिकं झालं होतं, पण होतं. त्यानं नवा लाल रंग आणला आणि अक्षर न् अक्षर गिरवलं. खाली नवं जोडलं: क्रांती हरिबा फडतरे, शेरेमाळ. बोटं लाल झाली होती, ती त्यानं कितीतरी वेळ धुतली नाहीत.

आता माझ्या मागं ना वायर आहे, ना माईक. मी मुका, माझा मालकही मुका. तुमचं तसं नाही. घरातल्या कुणाचं नाव चारचौघांत घ्यायचं राहून गेलं असेल, तर घसा शाबूत आहे तोवर घेऊन टाका. नंतर छाती बडवली तर लोक डॉक्टरला बोलावतात.

तर त्या दिवशी, वारं पडलेलं असताना, हरिबा मला घेऊन पत्र्यावर चढला. खालून विजयमाला म्हणाली, "आवं, उन्हाचं कशाला? क्रांती आयतवारी येणारच हाय, तवा लावा की." त्यानं ऐकलं नाही. बांबूला तारेनं आवळून आवळून मला बांधलं. पण माझं तोंड केलं परड्याकडं. रस्ता मागं, टपरी मागं, सगळं गाव मागं. लिहिलेलं नाव दिसणार ते कोंबड्यांना आणि पलीकडच्या माळाला. बांधून झाल्यावर तो तिथंच माझ्या मानेवर हात ठेवून बसला. घामानं भिजला होता. खाली उतरेना.

धोंडुबाई रस्त्यानं सरपणाची मोळी घेऊन चालली होती. थांबली. मोळी डोक्यावर तशीच ठेवून वर बघितलं, मग घराला वळसा घालून परड्यात गेली. तिला वाचता येत नाही, पण लाल अक्षरं तिनं क्रांतीच्या बारशापासून पाहिलेली. परत रस्त्यावर येऊन उभी राहिली आणि कपाळावर हात धरून म्हणाली,

"हरिबा, कोंबड्यास्नी कशाला सांगतूस रं लेकीचं नाव? फिरव की गावाकडं. हां, फिरव... अजून. अजून जरा फिरव!"