पूजेला बसवलेली डबी

पोशीरच्या छायाबाईंचा एक नेम होता. खंडेनवमीला घरातल्या प्रत्येकाचं हत्यार देवापुढे आलंच पाहिजे. नवऱ्याचा, म्हणजे धाकलूचा, विळा-कोयता यायचा, मुलाच्या, रूपेशच्या, टेंपोचा पाना यायचा. थोरली तेजश्री तेवढी पीएच.डी.ला लागल्यापासून हात हलवत यायची, आणि ते छायाबाईंना खुपायचं.

"एवढी शिकलीस, पन तुजं हत्यार हाय तरी काय गं? आमी कदी बगितलंच नाय."

म्हणून यंदा तेजश्रीनं डबी आणली. मुठीत मावेल एवढी, तांब्याची, साजगावच्या वर्कशॉपमध्ये लेथवर कातून घेतलेली. खोपोलीजवळच्या संशोधन केंद्रातलं तिचं सगळं काम या डबीवर उभं होतं.

डबीत ती एका संयुगाचे स्फटिक ठेवायची. त्यातला एकेक रेणू म्हणजे इवलासा चुंबक. द्रवरूप हेलियमच्या कडाक्याच्या थंडीत हे सगळे चुंबक एकाच दिशेला तोंड करून बसतात. बाहेरून मोठ्या चुंबकाचा उलटा जोर लावत गेलं की एका क्षणी सगळेच्या सगळे पलटी मारतात. त्या पलटीत मायक्रोवेव्ह बाहेर पडतात, आपल्या ओव्हनमधल्या लहरींच्याच जातीच्या, असं तेजश्रीचं म्हणणं. डबीचं माप लहरींना जुळलं, की रिकाम्या हंड्यात आवाज घुमावा तशा त्या आत घुमतात आणि जोर धरतात.

शंकेखोर म्हणायचे, पलटी मारताना स्फटिक तापतोही, तुमचं यंत्र नुसती ती ऊब मोजत असेल. खरं-खोटं करायला सोपा उपाय होता. माप चुकलेल्या डबीत तोच प्रयोग करायचा. लहरी असतील तर पलटीच्या क्षणी यंत्राच्या पडद्यावर रेघ जी उसळी घेते ती जाईल, ऊब असेल तर तशीच राहील. "करून घेऊ तशी एक डबी," तिचे मार्गदर्शक अनुपम सर म्हणायचे, आणि ते राहून जायचं. खरं सांगायचं तर ते राहिलेलंच दोघांना बरं वाटत होतं. पेपर दसरा झाला की छापायला जायचा होता, आणि तेजश्रीच्या उमेदीची चार वर्षं त्यात होती.

नवमीच्या सकाळी ती आंघोळीला गेली आणि छायाबाईंनी डबी हातात घेतली. काळवंडलेलं तांबं देवापुढे कसं ठेवायचं? त्यांनी चिंच, मीठ आणि राख घेऊन डबी काथ्यानं खसखसून घासली. झाकण निघेना, तर उलथन्यानं उचकटलं. घासायचं तर आतूनही घासायचं, अर्धवट काम त्या माउलीला ठाऊकच नव्हतं.

तेजश्री बाहेर आली तेव्हा डबी पाटावर लखलखत होती, वर झेंडूचं फूल. तिनं झाकण उचललं. आत ओरखडेच ओरखडे, आणि कडेला पोचा.

"आई! चार वर्षांचं काम घासून टाकलंस तू!"

"मला काय ठावं गं," छायाबाई म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून धड जेवल्याच नाहीत.

सुट्टी संपल्यावर तेजश्रीनं केंद्रात डबी तपासली. घुमणं पार गेलेलं. पण हेलियम येऊन पडलेला, आणि हेलियम कुणासाठी थांबत नाही, उडून जातो. फुकट कशाला घालवायचा, म्हणून तिनं त्याच डबीत स्फटिक ठेवले आणि जोर वाढवत नेला.

पडद्यावर उसळी आली. नेहमीचीच, तेवढीच उंच.

"चालली!" ती ओरडलीच. मग तिच्या लक्षात आलं. डबी बिघडली होती, तरी उसळी तशीच होती. म्हणजे डबीचा त्या उसळीशी काही संबंधच नव्हता. इतकी वर्षं ती ऊब मोजत होती. तिनं पुन्हा प्रयोग केला, तेच आलं. हेलियम संपेपर्यंत तेच येत राहिलं. तिला रडू आलं आणि तिनं ते आवरलं नाही.

तेवढ्यात घरून फोन आला.

"तेजू, चालतंय का गं ते? माज्या हातनं वाईट नाय ना झालं?"

"नाही आई. तुझ्या हातून काही वाईट झालं नाही. तू जेव आता."

"देव पावला गं बाय!" पलीकडून केवढा तरी मोठा श्वास सुटला.

मग तिनं सरांना फोन लावला आणि सगळं सांगितलं, चिंचेपासून उसळीपर्यंत.

"डबी नवी करून घेता येईल," सर म्हणाले. "या मोजणीचं कुणाकुणाला माहीत आहे?"

"मला," तेजश्री म्हणाली.

मग सरांचा आवाज आला, थकलेला, पण सरळ.

"आणि आता मलाही. पेपर थांबवतो मी."