पाण्याला दिलेली बाई

मी एक जुनी बाई आहे. बाई म्हणजे दोन काठ्यांची फुली, वर चिंध्यांचं डोकं आणि अंगावर झगा. मित्रांनो, माणसं लहान जन्मतात आणि हळूहळू जुनी होतात. माझं तसं झालं नाही. जन्मले त्याच दिवशी मी जुनी होते. माझी उभी काठी एका मोडक्या फावड्याचा दांडा होती, आणि आडवी काठी शेवयांची कणीक लाटायचं लांब लाटणं. डोक्यात गेल्या सालचा गव्हाचा भुसा भरला होता. चेहरा काढायची आमच्याकडे रीत नाही, म्हणून तो कोरा राहिला.

आमच्या तेरेकली गावात गहू आभाळाच्या भरवशावर पेरतात. त्या वसंतात आभाळाने तोंड फिरवलं होतं. रोपं वीतभर झाली आणि तिथेच पिवळी पडली. समोर बोयसूनचे डोंगर कोरडे उभे होते आणि गावाखालच्या नाल्यात मनगटाएवढी धार उरली होती. अशा वेळी बायका पाण्याची बाई करतात. तिला घरोघर नेतात, तिच्यावर पाणी ओततात आणि शेवटी वाहत्या पाण्याला देतात. पुरुषांनी या कामात हात घालायचा नसतो. मला घडवलं खोसियत मोमोने. मोमो म्हणजे आजी. घरची नसली तरी गाव तिला मोमोच म्हणे. पाच वेळची नमाज तिने कधी चुकवली नव्हती, आणि पावसासाठी तीन दिवसांचा रोजा धरूनच ती माझ्या काठ्या बांधायला बसली होती.

पाण्याच्या बाईला म्हाताऱ्या, भरल्या घरातल्या बाईचा झगा घालतात. मोमोने आपल्या नव्या सुनेला, झुमरादला हाक मारली. "केलिन, माझ्या पेटीतला जुना झगा आण गं. बिस्मिल्ला म्हण आणि घाल हिला." एवढं सांगून ती वजू करायला, नमाजाआधीचे हातपाय धुवायला गेली. झुमराद लगबगीने गेली आणि पेटीच्या अगदी तळातून, गोधड्यांच्या खालून एक झगा काढून घेऊन आली. रेशमी अत्लसचा, लाल-पिवळ्या लाटांचा. तिने तो माझ्या अंगावर चढवला आणि गळ्याशी बांधला.

"अगंबाई!" शेजारची गुलचमन हसत सुटली. "पाण्याची बाई आहे की नवरी? हिला बघून पाऊस नाही, वऱ्हाड येईल दारात!"

"तुझ्याकडे आलं नाही ना कधी वऱ्हाड, म्हणून तुला याद," दुसरी कोणी म्हणाली आणि सगळ्या खिदळल्या.

तेवढ्यात मोमो ओल्या हातांनी बाहेर आली. तिने मला पाहिलं आणि ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. हसणं विरत गेलं. गुलचमननेही आता झगा नीट पाहिला, आणि तिचा हात तोंडाकडे गेला.

तो झगा ओयदिनचा होता. ओयदिन मोमोची थोरली सून. दोन वर्षांपूर्वी वसंतात, मेंढ्या आणायला ती नाला ओलांडत होती आणि डोंगरातून अचानक लोंढा आला. तिसऱ्या दिवशी ती खालच्या शेतात सापडली. मेलेल्या माणसाचे कपडे चाळीस दिवसांत वाटून टाकायचे, घरात एक दोरा ठेवायचा नाही, हे मोमोच साऱ्या गावाला सांगे. आणि मोमोनेच हा एक झगा लपवून ठेवला होता. झुमराद वर्षापूर्वी या घरात आलेली. तिला काय ठाऊक?

"मोमो, उतरवू का?" झुमराद घाबरून म्हणाली.

मोमोने झग्याच्या गळ्याशी बांधलेली गाठ चाचपली. मग म्हणाली, "बिस्मिल्ला म्हणून चढवलंय. आता उतरवायचं नसतं. चला."

पाण्याने नेलेल्या बाईचं वस्त्र घालून मी पाणी मागायला निघाले. मित्रांनो, मी तेव्हा तासाभराची होते. मला शकुन-अपशकुन काही कळत नव्हतं. पण मला उचलून धरणाऱ्या बायका त्या दिवशी गाणं थोडं खालच्या पट्टीत म्हणत होत्या, एवढं मला कळलं.

घरोघर आम्ही गेलो. कुणी ओंजळभर पीठ दिलं, कुणी अंडी, आणि प्रत्येकीने माझ्यावर घागरभर पाणी ओतलं. माझी कीर्ती मी पहिल्यांदा ऐकली ती याच दिवशी. "बाई, तुझ्यावर गाव उभं आहे," असं एक म्हातारी माझ्या झग्याचा काठ डोळ्यांना लावून म्हणाली. मला अभिमान वाटला. मला काम होतं, आणि ते मोठं होतं.

शेवटचं घर मोमोचं. तिथे अंगणात तंदूरजवळ एक पाच वर्षांची मुलगी उभी होती. नोरगुल. ओयदिनची लेक. तिचा बाप दूरदेशी कामाला, आणि आईबद्दल तिला सांगितलं होतं, "एना पाण्यापलीकडे गेली आहे. येईल हं." खोटं सांगायचं कुणाच्या मनात नव्हतं. लहान मुलीला कसं सांगायचं, हेच कुणाला सुचलं नव्हतं. आज सांगू, उद्या सांगू करत दोन वर्षं गेली.

नोरगुलने माझ्याकडे पाहिलं. माझ्या झग्यातून पाणी निथळत होतं.

"एना," ती म्हणाली, "तू अजून ओलीच आहेस?"

कुणी हसलं नाही. ती धावत आली आणि तिने माझ्या उभ्या काठीला मिठी मारली. मग मान वर करून तिने माझा कोरा चेहरा पाहिला. "एना, तुझे डोळे कुठे गेले?"

"नोरगुल, सोड तिला, बाळा," झुमराद म्हणाली. "तिला जायचंय."

"कुठे?"

झुमरादने मोमोकडे पाहिलं. मोमो जमिनीकडे बघत होती. तेव्हा झुमरादच्या तोंडून निघून गेलं, "पाण्यात. मग येईल."

मोमोने डोळे मिटले. माझ्याजवळून त्या मुलीची बोटं एकेक करून सोडवावी लागली. तिची मिठी ही माझ्या आयुष्यातली पहिली ऊब. मी लाकूड आहे मित्रांनो, पण तंदूरजवळ ठेवलेलं लाकूडही तापतंच की!

दुपारच्या नमाजानंतर मला नाल्यात निजवलं. रीत अशी की पाण्याला दिलेल्या बाईकडे मागे वळून पाहायचं नाही आणि तिला परत उचलायचं नाही. बायका न बघता गेल्या. पण धार एवढी बारीक होती, की तिने मला नेलंच नाही. मी गोट्यांवर अडकून राहिले. पाणी कमरेखालून वाहत होतं आणि डोकं उन्हात तापत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पावलं वाजली. नोरगुल एकटी नाल्यात उतरली होती. हातात नानचा तुकडा.

"यांगा तंदूरशी आहे, मोमो जानमाजवर नमाज पढतेय," ती हळूच म्हणाली. यांगा म्हणजे तिची काकू, झुमराद. "तू खा. मी अर्धी खाल्ली वाटेत."

तिने तो तुकडा माझ्या गळ्याशी ठेवला. मग माझ्याजवळ ओल्या वाळूत बसून तिने सगळं सांगितलं. यांगा वेण्या फार घट्ट घालते. करड्या शेळीला दोन करडं झाली, एक लंगडं आहे. शेजारची गुलचमन मावशी म्हणते की नोरगुलचं नाक आईसारखं आहे. "आहे ना?" तिने आपलं नाक माझ्या चिंध्यांच्या डोक्याला घासलं. "मोमो रडते पण. नमाजात. तिला वाटतं मला कळत नाही."

माझ्यात काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. मला पोट नाही, दूध नाही. माझ्या आत भुसा आहे. पण ती उठून गेल्यावर तो नानचा तुकडा मुंग्या नेऊ लागल्या, आणि मला पहिल्यांदा हात नसल्याचं वाईट वाटलं. तो तिने मला दिलेला तुकडा होता. मला तो राखायचा होता.

ती तिसऱ्या दिवशीही आली, फणी घेऊन. माझ्या डोक्याच्या लोंबत्या चिंध्या विंचरत बसली. आणि त्याच दिवशी डोंगराच्या टोकावर मी एक ढग पाहिला.

मित्रांनो, आता माझी अडचण तुम्हाला कळेल. मला पाऊस मागण्यासाठी घडवलं होतं. वर गावात प्रत्येक उंबऱ्यावर माणसं हात पसरून बसली होती. पाऊस आला नाही तर हिवाळ्यात पिठाचे डबे रिकामे, हे मला ठाऊक होतं. आणि साऱ्या तेरेकलीत एकटी मीच होते जी मनात म्हणत होते, नको. अजून नको. ही मुलगी घरी जाऊ दे, मग ये. कर्तव्य म्हणजे काय हे मला तेव्हा कळलं, आणि ते मोडावंसं वाटणं म्हणजे काय, तेही त्याच वेळी कळलं.

चौथ्या दिवशी सकाळपासून डोंगर काळे होते. आमच्यावर मात्र ऊन होतं. नाल्यांची हीच तर दगाबाजी असते, पाऊस तिकडे पडतो आणि मरण इकडे येतं. नोरगुल आली ती आपली लहानशी गोधडी ओढत आली.

"आज मी इथंच निजणार," ती म्हणाली. "तू पाण्यात जाऊन परत येणार ना, तर मी पण तुझ्याबरोबर जाऊन येते."

ती माझ्या कुशीत, म्हणजे लाटण्याच्या खाली, येऊन निजली. माझ्या पाठीखालची धार बोटभर वाढली होती. मग आणखी बोटभर. पाणी गढूळ झालं. दूरवर कुणी जातं ओढावं तशी घरघर सुरू झाली.

काठावरून हाक आली. "नोरगुल! अगं पोरी!"

मोमो होती. डोक्यावरचा रुमाल सुटलेला, एक पाय अनवाणी. घरात मुलगी नाही आणि तिची गोधडीही नाही, हे पाहून तिला सारं उमगलं होतं. सत्तर वर्षांची ती बाई दगडांवरून घसरत खाली आली.

"चल. ऊठ. चल लवकर!"

"एनाला पण घे."

"ती पाण्याला दिलीय, तिला उचलत नाहीत. ऊठ!"

"मग मी नाही येत."

मोमोने वर नाल्याच्या वळणाकडे पाहिलं. मग तिने ते केलं जे तिला दोन वर्षं जमलं नव्हतं. ती मुलीसमोर गुडघ्यांवर बसली आणि ओरडली, "ती एना नाही गं! एना मेली! याच नाल्याने नेली तिला. मी खोटं बोलले तुझ्याशी. हा नुसता झगा आहे, मी लपवला होता, मला टाकवला नाही. हे लाकूड आहे, नोरगुल, लाकूड!"

"खोटं!" नोरगुलने माझी बाही दोन्ही मुठींत धरली. "खोटं, खोटं!"

मोमोने तिला उचललं. मुलीने मला सोडलं नाही. मोमो चढू लागली आणि मी मागे फरफटत निघाले. चार पावलांवर माझा दांडा दोन दगडांत अडकला. मोमो ओढते, मुलगी किंचाळते, आणि मी त्या दोघींना खाली धरून ठेवलेलं. वळणावर पाणी दिसलं. ते पाण्यासारखं दिसत नव्हतं. चिखलाची भिंत होती आणि तिच्या अंगात झाडं होती.

तेव्हा बाही फाटली.

कुणी म्हणेल, पेटीत जुनं झालेलं, चार दिवस भिजलेलं-वाळलेलं कापड, ते फाटणारच. म्हणू देत. मी एवढंच सांगते की त्या क्षणी मी माझ्या दोन्ही काठ्यांनिशी एकच गोष्ट मागितली. बाही सुटू दे. दुआ कशी मागतात ते मी पहिल्या दिवशी घरोघर ऐकलं होतं. माझी स्वतःची अशी ती एकच.

मी खाली पडले. मोमो वर गेली. काठावर नोरगुलच्या मुठीत लाल-पिवळी बाही फडफडताना मी पाहिली, आणि मग माझ्यावर डोंगर आला.

गावाच्या बऱ्याच खाली, एका जुन्या वाळुंजाच्या झाडाच्या मुळांत मी अडकले, आणि आजही तिथेच आहे. लाटणं वाहून गेलं. डोकं नाही. झग्याची गळपट्टी तेवढी उरली आहे. पाऊस त्यानंतर गावावरही पडला आणि गहू तरला. वाटेने जाणाऱ्या बायका म्हणत, "यंदाची बाई पावली." माझं नाव निघे. मग हळूहळू निघेनासं झालं.

कापणीच्या दिवसांत मोमो आणि नोरगुल इकडे आल्या. मोमो खूप वाकली होती. नोरगुलने मला आधी पाहिलं.

"मोमो, ही ती काठी."

"घरी न्यायची का तुला?"

नोरगुलने बराच विचार केला. "नको," ती म्हणाली. "ही माझी एना नाही." तिने माझ्याकडे पुन्हा पाहिलं नाही. "एनाची कबर कुठे आहे?"

मोमोने तिचा हात धरला. "चल. दाखवते."

त्या दोघी कबरस्तानाच्या चढाला लागल्या. मुलगी म्हातारीला हात देत होती. मला फार वाईट वाटलं, आणि बरंही तेवढंच वाटलं. आईपण असंच असतं का, हे मला कुणाला विचारता आलं नाही.

मित्रांनो, आता माझी विनवणी ऐका. तुमच्या घरी कुणी गेलं असेल तर लहानग्यांना खरं सांगा. रडत सांगा, अडखळत सांगा, पण सांगा. न सांगितलेलं दुःख मूल स्वतःच शोधायला निघतं, आणि ते कुठे उतरेल याचा नेम नसतो.

यंदाही आभाळ कोरडं आहे. काल बायकांनी नवी बाई केली आणि तिला वरच्या बाजूला धारेत निजवलं. आज सकाळपासून दोन-तीन मुलं तिला बघायला नाल्यात उतरली आहेत. त्यांचं हसणं मला इथवर ऐकू येतं. डोंगर मात्र काळे झाले आहेत.

मी लाकूड आहे. माझ्याच्याने ओरडवत नाही. तुमच्यापैकी कुणी काठाजवळ असेल, तर त्यांना हाक मारा.