गोळ्यांखाली थांबा

मी एक जुनी लाल छत्री आहे. पण मित्रांनो, पावसाशी माझा फारसा संबंध कधी आलाच नाही. फ्लॉरेन्स शहरात पाहुण्यांना पायी फिरवून मेदिची घराण्याच्या खाणाखुणा दाखवणाऱ्या ओर्नेलाबाईंच्या हातात मी एकोणीस वर्षे काढली. हात उंच करून मला धरायचे आणि मागून येणाऱ्या वीस-पंचवीस माणसांना 'बाई इकडे आहेत' एवढे कळू द्यायचे, हेच माझे काम. ऐकायला सोपे वाटेल. एका जुलै महिन्यात ते मला जमले नाही, आणि ते एका म्हाताऱ्या माणसाच्या जिवावर बेतले. त्याची हकीकत मी कोणाला सांगितलेली नाही. आज सांगते.

माझा जन्म याच शहरातला. नदीपलीकडच्या एका लहानशा दुकानात एका कारागिराने माझ्या पोलादी काड्या हाताने वळवल्या, अ‍ॅश लाकडाचा दांडा घासून गुळगुळीत केला आणि वर दाट विणीचे लाल कापड ताणून बसवले. वाटाड्याची परीक्षा उत्तीर्ण होऊन परवाना हाती पडला त्याच दिवशी ओर्नेलाबाईंनी मला विकत घेतले. तेव्हा त्या चाळिशीला टेकल्या होत्या. रस्त्यातून जाताना इतर वाटाडेसुद्धा माझ्याकडे वळून पाहत. खोटे कशाला बोलू, मला त्याचा फार अभिमान वाटे.

आमचा रस्ता ठरलेला असे. मेदिचींचा जुना वाडा, त्यांचे सान लोरेन्झोचे देऊळ, त्यांच्या कबरी, मग नदी. ओर्नेलाबाई सांगत की ही माणसे आधी लोकर विकत, मग पेढी चालवू लागली, मग शहर चालवू लागली. चित्रकारांना त्यांनी पोसले आणि विरोधकांना हाकलून दिले. आणि जिथे भिंत मोकळी दिसली तिथे आपली ढाल कोरून ठेवली. त्या ढालीवर नुसते गोळे. का, ते कोणालाच नक्की माहीत नाही. मेदिची या शब्दाचा अर्थच वैद्य, म्हणून कोणी त्यांना औषधाच्या गोळ्या म्हणतात. गोळे किती, हेही पिढीपिढीला बदलत गेले. आधी जास्त होते, पुढे कमी झाले. नंतर फ्रान्सच्या राजाने मान दिला म्हणून वरच्या गोळ्यावर तीन लिलीची फुले आली. बाई हे मन लावून सांगत आणि पाहुणे हमखास जांभया देत. मलाही कंटाळा येई. गोळे मोजून कोणाचे काय भले होणार, असे वाटे.

बाई राहत त्या गल्लीच्या तोंडाशीही एक ढाल होती. गल्लीतली सगळी माणसे त्या कोपऱ्याला 'गोळ्यांखाली' म्हणत. शाळेतून आल्यावर मुले गोळ्यांखाली थांबत, बायका गोळ्यांखाली गप्पा मारत, मयतसुद्धा गोळ्यांखालून निघे. बाईंच्या आईने त्यांना हेच शिकवले होते की हरवलीस तर गोळ्यांखाली जाऊन थांब, मी येते. बाई मोठ्या झाल्या, वाटाड्या झाल्या, आणि प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला पाहुण्यांनाही तेच सांगू लागल्या. एकोणीस वर्षांत तशी वेळच आली नव्हती, म्हणून त्या बोलण्यातली चूक कोणाच्या लक्षात आली नाही.

आता माझे दुखणे सांगते. दोन वर्षांपासून माझा खटका सैल झाला होता. उघडलेली मी मध्येच धाडकन मिटून बाईंच्या डोक्यावर पडत असे. बाई दांड्याला रबर गुंडाळत आणि म्हणत, "पुढच्या आठवड्यात नेते." नाक्यावर गाडी लावून गाईच्या पोटाच्या मांसाचे पाव विकणारा दुच्चो रोज टोमणा मारी.

"ओर्नेला, तुझे मेदिची संपले, पण ही छत्री काही संपत नाही. अगं, दे की तिला कुठंतरी दुरुस्तीला."

"तू आधी तुझ्या गाडीचं चाक बघ. तीन वर्षं विटेवर उभी आहे."

"गाडी उभीच राहायची असते. तुझी छत्री पण आता उभी राहत नाही, हे सांगतोय."

सगळे हसत. मी हसत नसे.

त्या दिवशी सकाळपासूनच दगड तापले होते. बावीस पाहुण्यांत बोलोन्या शहराकडचे एक जोडपे होते. सिन्योर, म्हणजे श्रीयुत, एर्मेते झानोली एक्क्याऐंशी वर्षांचे, निवृत्त स्टेशनमास्तर. उकाड्यातही कोट घातलेला. त्यांच्या पत्नी योलांदा. सहा महिन्यांपूर्वी एर्मेतेंच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली होती आणि हल्ली त्यांना रस्त्यांची नावे लक्षात राहत नसत. बाराला त्यांना गोळी घ्यावी लागे. त्या गोळ्यांची पट्टी योलांदांच्या पर्समध्ये होती. सर्वांच्या छातीवर बाईंचा फोन नंबर छापलेली चिकटपट्टी होती. बाईंनी नेहमीप्रमाणे सांगितले, "कोणी चुकलंच, तर गोळ्यांखाली थांबा. हलू नका. मी येते." एर्मेतेंनी मान डोलावली. हुकूम घ्यायची त्यांना सवय होती.

देवळाच्या मागच्या बाजाराच्या गर्दीत, नेमक्या चौकात, माझा खटका सुटला. मी मिटले. बाईंनी मला पुन्हा उघडायला फार तर अर्धे मिनिट घेतले असेल. तेवढ्यात समोरून दुसरी एक लाल छत्री गेली. नवी, चकचकीत, नदीच्या दिशेने. सगळ्यात मागे असलेल्या एर्मेतेंना एकच लाल छत्री दिसत होती. ते तिच्यामागे गेले.

मोजणीत एकवीस भरले तेव्हा सव्वाअकरा वाजले होते.

"अहो, कुठं राहिलात?" योलांदा आधी रागाने हाका मारत होत्या. मग त्यांचा आवाज बारीक झाला. त्यांनी फोन लावून पाहिला. नवऱ्याचा फोन बंद. तो नेहमीच बंद असे, कारण त्यांच्या मते फोन म्हणजे चालू ठेवायची वस्तू नव्हतीच. बाईंनी मला धरून बाजार पालथा घातला. देवळाच्या पायऱ्या, मासळीचे गाळे, पाण्याचा नळ, सगळे पाहिले. मग योलांदांना घेऊन धावतच त्या आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावर गेल्या. ढालीखाली कोणी नव्हते. एक मांजर झोपले होते.

"येतील इथंच," बाई धापा टाकत योलांदांना म्हणाल्या. "मी सांगितलंय त्यांना, गोळ्यांखाली थांबा म्हणून."

योलांदांनी त्यांच्याकडे पाहिले. "बाई, सकाळपासून मी वर बघत चाललेय. देवळावर गोळे, वाड्यावर गोळे, नळावर गोळे. कुठल्या गोळ्यांखाली?"

बाईंचा हात माझ्या मुठीवर घट्ट आवळला गेला. आख्ख्या शहरात त्यांच्या गल्लीतल्यांनाच कळेल असा पत्ता त्यांनी परक्या माणसाला दिला होता.

बाकीच्या पाहुण्यांना दुच्चोच्या गाडीपाशी सावलीत बसवले. त्याने पोलिसांना फोन केला. त्यांनी म्हातारे कुठे असतील असे विचारले, तेव्हा दुच्चो म्हणाला, "ढालीखाली असतील," आणि पलीकडून जे बोलणे आले ते ऐकून त्याने फोन कानापासून दूर धरला. बारा वाजायला वीस मिनिटे होती. योलांदा पर्समधली पट्टी बाहेर काढत होत्या, परत आत ठेवत होत्या.

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला.

"बाई, मी झानोली बोलतोय. फोन सुरू करायला जरा वेळ लागला. मी तुम्ही सांगितल्याप्रमाणे गोळ्यांखाली उभा आहे. तुम्ही कुठे आहात?"

"सिन्योर एर्मेते! रस्त्याचं नाव काय आहे?"

"इथून पाटी दिसत नाही. कोपऱ्यावर असेल."

"मग कोपऱ्यापर्यंत जा ना."

"नाही. एकदा जागा सोडली म्हणून तर चुकलो. आता सोडणार नाही."

"बरं, कोणाला तरी विचारा."

"कोणी नाही इथं. सगळी दारं बंद आहेत." त्यांचा श्वास लागत होता. "फोन सारखा टुकटुक करतोय. बहुतेक संपत आलाय."

बाईंनी डोळे मिटले. मी त्यांच्या काखेत होते, त्यांच्या छातीची धडधड मला कळत होती. मग त्या एकदम शांत आवाजात म्हणाल्या, "सिन्योर, वर बघा. गोळे किती आहेत, मोजून सांगा."

पलीकडून पुटपुटत मोजल्याचा आवाज आला. "आठ. दोनदा मोजले. खालचा एक तुटलाय, तो धरून आठ."

"सगळ्यात वरच्यावर फुलं कोरलीत का?"

"नाही. सगळे सारखेच."

"कसला आवाज येतोय तुमच्या आसपास?"

"कुठंतरी रंधा मारतायत. आणि सरसाचा वास..."

फोन बंद पडला.

"आठ गोळे, फुलं नाहीत," बाई पुटपुटल्या. म्हणजे फार जुनी ढाल. उघड्यावरच्या आठ गोळ्यांच्या दोनच ढाली त्यांना माहीत होत्या. एक मोठ्या देवळाजवळ, तिथे रात्रंदिवस गर्दी. दुसरी नदीपलीकडे, सुतारांच्या वस्तीत, एका बंद वखारीच्या दारावर. "त्या वखारीपाशीच आहेत!" बाई ओरडल्या. दुच्चोने तेवढ्यात योलांदांच्या हातातली पट्टी घेऊन बाईंच्या हातात कोंबली. "पळ. यांना मी बघतो. अँब्युलन्सला वखारीचं सांगतो."

अठ्ठावन्न वर्षांच्या बाई पळाल्या. मला त्यांनी काठीसारखे पुढे धरले होते, लोक बाजूला होत होते. पुलावर त्यांच्या चपलेचा पट्टा तुटला. चपला तिथेच टाकून त्या तापलेल्या दगडांवरून अनवाणी पुढे गेल्या. मित्रांनो, मला त्या वेळी एकच वाटत होते. माझा खटका सुटला नसता, तर यातले काहीच झाले नसते. दोष बाईंचा होता, माझाही होता. आणि दोष कोणाचा हे ठरवत बसायला वेळ नव्हता.

वखारीच्या दाराशी एर्मेते उभे होते. पाठ भिंतीला टेकलेली, टोपी छातीशी धरलेली, ओठ पांढरे पडलेले. ऊन सरळ डोक्यावर येत होते. चार पावलांवर, समोरच्या भिंतीलगत, गार सावली होती आणि तिथे बसायला दगडी ओटाही होता.

"सावलीत का नाही बसलात हो?" बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले.

"सावली त्या बाजूला आहे," एर्मेते हळू आवाजात म्हणाले. "गोळे या बाजूला."

बाईंनी मला उघडले. खटका लागेना. तेव्हा त्यांनी माझ्या काड्या हातानेच वर रेटून धरल्या, बोटे चिमटली तरी सोडल्या नाहीत, आणि एर्मेतेंना सावली केली. बाईंनी दिलेल्या पट्टीतली गोळी एर्मेतेंनी जिभेखाली ठेवली. हळूहळू ते खाली बसले. अँब्युलन्स आली, दंडाला पट्टा बांधला, नळी लावली. त्यातला एक जण बाईंना म्हणाला, "आणखी पंधरा मिनिटं असते उभे, तर आम्ही येऊन काय केलं असतं?" बाईंचे तळपाय भाजून लाल झाले होते.

गाडीत चढवताना एर्मेतेंनी बाईंचा हात धरला. योलांदांना काही निरोप द्यायचा असेल असे मला वाटले. पण ते म्हणाले, "मला माहीत होतं तुम्ही येणार. तुम्ही सांगितलं होतं ना."

त्यांनी हे कौतुकाने म्हटले होते. बाई मात्र तिथेच ओट्यावर बसून कितीतरी वेळ रडत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्या मला दुरुस्तीला घेऊन गेल्या. आता माझा खटका पक्का आहे. कापड विटले आहे, पण मी मध्येच मिटत नाही.

मित्रांनो, तुमच्या वस्तू वेळीच दुरुस्त करून घ्या, एवढे तर मी सांगेनच, छत्रीने ते सांगायलाच हवे. पण माझे खरे मागणे वेगळे आहे. कोणाला 'इथे थांब' म्हणाल, तेव्हा 'इथे' म्हणजे कुठे ते त्याला कळेल अशा शब्दांत सांगा. कारण तुमच्यावर विश्वास ठेवणारा माणूस चार पावलांवर सावली असली तरी जागा सोडत नाही.