रिकाम्या पेटीतली होडी

शिवणयंत्रांच्या कारखान्यात तोफगोळे होऊ लागले, त्याला दोन वर्षं झाली होती. यंत्रं तीच, माणसं निम्मी, आणि माल असा की गिऱ्हाइकाची तक्रार येण्याची सोयच नाही. बायका गोळे पेट्यांत भरत आणि प्रत्येक पेटीत तपासणीची छापील चिठ्ठी टाकत.

पाचव्या टेबलावरची तीही त्यांतलीच. तिचा नवरा याच कारखान्यातला फिटर, आता तोफेवर गेलेला. निघताना म्हणाला होता, "पत्रांचं काही खरं नाही. पण रिकाम्या पेट्या भरायला इकडेच परत येतात ना? हाताला लागेल त्या चिठ्ठीची होडी करून पेटीत ठेवीन. होडी आली की समज, मी धडधाकट आहे."

असली अक्कल या दोघांनाच सुचावी. पण होड्या आल्या, आठवड्याला एखादी. तिच्या आजोबांनी म्हणे लढाईत समोरच्याचे डोळे पाहिले होते. नवऱ्याने मात्र शत्रू अजून पाहिलाच नव्हता. आठ मैलांवर कुणीतरी असतं, एवढंच त्याने लिहिलं होतं. पुढे पत्रं बंद पडली, होड्या चालू राहिल्या. त्याची इतकी आठवण येई की ती होडी उशाशी घेऊन झोपे. सांगायची लाज वाटे, पण झोपे.

हिवाळ्यात होड्या वाढल्या. एके दिवशी तर अकरा निघाल्या. आधी ती हरखली, मग चरकली. एवढ्या पेट्या एकट्याच्या हाती कशा लागतील?

पेट्या उतरवणारा हमाल नवा होता, तोफखान्यातून एक हात गमावून आलेला. तिने त्यालाच विचारलं.

"होड्या होय? त्या आमच्याकडे सगळेच करतात, वहिनी. नाही केली तर आपली पाळी येते म्हणतात. या तोफेवरून त्या तोफेवर, खूळ पसरत गेलं."

"सुरुवात कुणी केली?"

"आमच्या आधीच्या तुकडीतला कुणी फिटर होता म्हणे. आम्ही त्यांच्या जागी गेलो, तेव्हा तोफ तेवढी धड होती."

"कधी गेलात?"

"उन्हाळा लागत होता."

उन्हाळ्यापासून तिने तीसेक होड्या घरी नेल्या होत्या. तिने टेबलावरच्या अकरा होड्या एकेक करून हातात घेतल्या. सगळ्या सारख्या, एका साच्यातून काढल्यासारख्या. मग भोंगा झाला आणि सगळ्यांबरोबर तीही बाहेर पडली.

घरी सासूबाई दाराशी बसल्या होत्या. लेकाची खुशाली कळल्याशिवाय त्यांना घास गिळवत नसे.

"काही आलं का गं?"

तिने खिसा त्यांच्या ओटीत रिकामा केला.

"अगो बाई, अकरा?" सासूबाई हसू लागल्या. "कामधाम सोडून हेच करत बसतो वाटतं, मेला."

"हो ना," ती म्हणाली, आणि त्यांचं पान वाढायला आत गेली.